अव्वाचं राज्य आणि चारचा चहा

लातूर (जि. उस्मानाबाद, अजून तरी)
२० जून १९८२

तीर्थरूप दादास, लातूरहून महानंदाचे शरणार्थ.

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून रागावला असशील, तर आधी घोटभर पाणी पी आणि मग रागाव. कंधारात पाणी असेल तर. आमच्याकडं मृग कोरडा गेला. आडातली बादली तळाला लागून नुसती खडखडते. दोराला गाठी मारमारून तो लांबवलाय.

तुला एक विचारायचं आहे. तू हायस्कुलातल्या पोरांना इतिहास शिकवतोस. इंग्रजांच्या, फ्रेंचांच्या राज्यातले देश एकेक करून सुटले, ते नेमके सुटले कसे? हसू नकोस. मला गरज पडली आहे.

आमच्या सासूबाई नागम्माअव्वा तुला ठाऊक आहेतच. कपाळाला विभूती, कमरेला कोठीघराची किल्ली आणि अख्ख्या घरावर नजर. रोज सकाळी त्यांची लिंगपूजा आटोपली, की मी आणि धाकटी जाऊ सिंधु त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहतो आणि विचारतो, "अव्वा, आज काय करू?" त्या सांगतात, आम्ही रांधतो. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण माझ्या मनानं मी एक भाजी चुलीवर ठेवलेली नाही. तेही मी चालवून घेतलं. पण गेल्या आठवड्यात त्यांनी दुपारचा चारचा चहा बंद केला. चहापत्ती न् साखरेचा डबा कोठीत, आणि कोठीला कुलूप. म्हणाल्या, "दुष्काळात च्या एकदाच. बहात्तरला रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी खाऊन काढले दिवस. कुनी मेलं का?"

कुणी मेलं नाही, हे खरं. पण दादा, सकाळचा चहा सगळ्या घराचा असतो, चारचा तेवढा माझा. मागच्या पायरीवर बसून मी तो पिते, आणि तेवढ्या वेळात मला कुणी काही मागत नाही.

मला वेगळी चूल हवी आहे. पुढच्या दोन खोल्या आमच्या, तिथं माझी चूल. आडतीचं दुकान दोघा भावांचं एकत्रच राहू दे, त्याला माझी ना नाही. यांना सांगून पाहिलं. हे गंजातल्या बाजारात दहा व्यापाऱ्यांशी भांडून येतात, आणि घरात अव्वा नुसत्या खोकल्या तरी उठून उभे राहतात. म्हणाले, "तूच सांग की अव्वाला."

येत्या पंधरा ऑगस्टला लातूर उस्मानाबादेतून वेगळं निघून स्वतंत्र जिल्हा होणार म्हणतात. गावात दुसरा विषय नाही. अख्खा जिल्हा वेगळा निघतो, तर माझी एक चूल का निघू नये?

तुझी,
महानंदा


कंधार, जि. नांदेड
२७ जून १९८२

चि. महानंदास, मन्मथदादाचे आशीर्वाद. पाहुण्यांना शरणार्थ. अव्वांना साष्टांग, पण हे पत्र त्यांच्या दृष्टीला पडू देऊ नकोस.

तुझं पत्र वाचून मी एवढा हसलो, की तुझी वहिनी लाटणं हातात घेऊन बाहेर आली. तिला वाटलं मला ठसका लागला. अगं वेडे, अमेरिकेचं भांडण चहावरूनच पेटलं होतं! लंडनात बसलेल्या सरकारनं चहावर कर बसवला. तिकडच्या लोकांनी जहाजावर चढून चहाच्या पेट्याच्या पेट्या समुद्रात फेकल्या. पुढं युद्ध झालं आणि तेरा वसाहती सुटल्या. तेव्हा तू चांगल्या वंशातली बंडखोर आहेस. फक्त तुझ्याजवळ समुद्र नाही, आणि आडात चहा फेकलास तर अव्वा तुला त्याच आडात फेकतील.

गंमत बघ, यंदा पंधरा ऑगस्टला आमच्या शाळेचा कार्यक्रम माझ्याच गळ्यात पडला आहे, आणि विषय मी तोच घेतला: 'सुटलेले देश'. एकेक पोरगं एकेक देश होऊन पुढं येणार आणि आपण कसे सुटलो ते सांगणार. हैतीचे गुलाम फ्रेंचांशी लढून सुटले. ब्राझीलला तर राजाच्याच पोरानं बापापासून तोडलं. घाना सत्तावन्न साली सुटला, आणि साठ साली आफ्रिकेत एका वर्षात सतरा देश मोकळे झाले. तिथला सगळ्यांत ताजा झिम्बाब्वे, परवाचाच. प्रत्येकाची तऱ्हा निराळी, पण सुरुवात बहुतेकांची सारखी: आधी विनंती. अमेरिकेनंही राजाला अर्ज पाठवला होता. राजानं तो हातातसुद्धा घेतला नाही, पण अर्ज करायचा असतो. उद्या कुणी म्हणायला नको की सांगितलं नाही.

म्हणून आधी गोडीनं सांगून बघ. अव्वांची पूजा झाल्यावर, पोट भरलेलं असताना.

आमच्या घरी मात्र असल्या भानगडी नाहीत. इथं ना राजा, ना वसाहत. रत्नम्मा आपल्या मर्जीची मालकीण आहे. काल वांग्याचं भरीत होतं, आज भरली वांगी आहेत. तिला वांगं म्हणजे जीव की प्राण. मी कधी अडवत नाही.

तुझा,
दादा


लातूर
८ जुलै १९८२

तीर्थरूप दादास शरणार्थ.

अर्ज केला आणि फेटाळलाही गेला.

सोमवारी पूजेनंतर अव्वा तुरीच्या डाळीतले खडे वेचत बसल्या होत्या. मी शेजारी बसले, थोडे खडे वेचले आणि धीर करून बोलून टाकलं. त्यांनी मान वर केली नाही. सूप पाखडलं, फोलपटं उडवली आणि एवढंच म्हणाल्या, "पाऊस पडू दे."

आता पावसाचा आणि माझ्या चुलीचा काय संबंध? पाऊस लातुरात पडायचं विसरलाय. या हिशेबानं माझी चूल माझ्या नातसुनेला मिळेल.

आणि तुझ्या सुटलेल्या देशांमध्ये आपसात भांडणं होत होती का रे? सिंधुला कळलं, तर ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, "ताई, तुमी जावा वेगळं. म्हंजी तुमच्या वाटच्या भाकरी बी मीच थापायच्या का?" मी म्हटलं, तूही चल. तर म्हणते, "मला भ्याव वाटतं अव्वाचं." रेवणप्पाभावजी सगळं ऐकत होते, पण त्यांनी चप्पल घातली आणि दुकानाला गेले.

वहिनीला माझा निरोप सांग, की तू नशीबवान आहेस. मनात येईल ते रांधतेस.

महानंदा


कंधार
१४ जुलै १९८२

चि. महानंदास आशीर्वाद.

'पाऊस पडू दे' हे उत्तर ऐकून मी अव्वांना मनोमन दंडवत घातला. पृथ्वीवरच्या झाडून सगळ्या साम्राज्यांनी हेच उत्तर दिलेलं आहे. आत्ता युद्ध चाललंय, ते संपू दे. तुम्ही अजून राज्य चालवायला शिकला नाहीत, शिका मग देऊ. अव्वा लंडनला जन्मल्या असत्या तर आपण अजून पारतंत्र्यात असतो.

आता दुसरी पायरी: असहकार. हातात काठी घ्यायची नाही, उलट बोलायचं नाही. राज्य ज्या गोष्टीवर उभं असतं ती गोष्ट फक्त करायची थांबवायची. तुझ्या घरात ती गोष्ट कुठली? तो सकाळचा प्रश्न. तो विचारू नकोस. 'आज काय करू' असं कुणी विचारलंच नाही, तर हुकूम सोडायचा कुणाला?

इथं माझी वेगळीच पंचाईत झाली आहे. सगळ्या पोरांना भारत व्हायचंय. समजूत घालून कुणाला अल्जेरिया केलं, कुणाला घाना. पण इंग्लंड व्हायला एक जण तयार नाही. शेवटी खाली मान घालून मंचावरून उतरायचं आहे ना! आठवीतल्या एका धिप्पाड पोराला फार गळ घातली, तर तो म्हणाला, "गुरुजी, तुमीच व्हा की. तुमाला काई करावं बी लागनार न्हाई." शिक्षकांच्या खोलीत तेव्हापासून मला साहेब म्हणून राहिलेत. रत्नम्माला सांगितलं, तर ती पदर तोंडाला लावून आत गेली. माझी दया आली असावी.

दादा


लातूर
२४ जुलै १९८२

तीर्थरूप दादास शरणार्थ.

तुझ्या असहकारानं आम्हाला उपाशी मारलं.

मंगळवारी सकाळी मी प्रश्न विचारायला गेले नाही. सिंधुलाही पदर धरून थांबवलं. अव्वा पूजा करून पाटावर बसून राहिल्या. आम्ही चुलीपाशी बसून राहिलो. त्या बोलेनात, आम्ही बोलेना. दुपारी दुकानातून दोघं भाऊ जेवायला आले, तर चूल थंड. हे माझ्याकडं बघतात, मी अव्वांकडं बघते, अव्वा छताकडं. शेवटी अकरा माणसांनी शिळ्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. अव्वांनीही तेच खाल्लं, आणि सांगू का, चवीनं खाल्लं. मला वाटलं होतं ताट ढकलून देतील.

संध्याकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. म्हणाल्या, "पंद्रा ऑगष्टला निकाल लावते. तवर रोजच्यावानी चालू दे." मी मनात म्हटलं, जिंकले!

पण दादा, आता मला धाकधूक होऊन राहिली आहे. दुसऱ्याच दिवशी अव्वांनी रामकिशन मिस्त्रीला बोलावलं. आडाच्या बाजूला विटा येऊन पडल्या आहेत. मिस्त्री मागच्या बाजूला काम करतो, आणि अव्वा तिथं बाज टाकून बसतात. आम्हाला तिकडं फिरकू देत नाहीत, पाणीसुद्धा मिस्त्रीच्या गड्याकरवी दारात पाठवतात. सिंधु म्हणते, आडाला भिंत घालून घेतायत. चूल देतील, पण पाणी देणार नाहीत. तसं झालं तर मी वेगळी चूल घेऊन तिच्यावर काय शिजवू? यांना विचारलं, तर म्हणाले, "अव्वा असं करायची न्हाई." पण म्हणताना कान खाजवत होते.

लवकर लिही. आता खरंच विचारते आहे, थट्टा नाही.

महानंदा


कंधार
३० जुलै १९८२

चि. महानंदास आशीर्वाद.

थट्टा बाजूला ठेवतो. भिंतीचं ऐकून मलाही बरं वाटलं नाही, कारण असं घडलेलं आहे. साम्राज्य झेंडा देतं आणि कालवा ठेवून घेतं. इजिप्तला इंग्रजांनी स्वातंत्र्य दिलं म्हणे, पण सुएझच्या कालव्यावर आपली फौज तशीच बसवून ठेवली. जाता जाता नकाशावर रेघा मारून जायची तर त्यांना खोडच होती. तेव्हा चूल मिळाल्यावर पहिलं बोलणं आडाचं कर. आड दोघींचा, असं चारचौघांत कबूल करून घे.

काल पोरांना आपल्या इकडची गोष्ट सांगितली. देश सत्तेचाळीसला सुटला, पण आपण निजामाच्या राज्यात होतो, आपल्याला वर्षभर जास्त वाट बघावी लागली. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात इथं झेंडा लागला. तू तेव्हा जन्मली नव्हतीस, मी आठ वर्षांचा होतो. अप्पांनी गूळ वाटला. अख्खं गाव चावडीपुढं जमलं होतं. मी धावत घरी गेलो आणि अम्माला म्हणालो, चल, झेंडा बघायला चल. अम्मा चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "मी आले तर भाकरी कोन थापील रे?" मी परत पळालो. इतक्या वर्षांत ही गोष्ट मला आठवली नव्हती. तुझ्या पत्रांमुळं आठवली, आणि वाईट वाटलं.

असो. इंग्लंड मीच होणार, हे ठरलं. शिंप्यानं जुन्या कोटाला सोनेरी पट्टी लावून दिली आहे. तुझी वहिनी म्हणते, तुम्हाला फार शोभतो.

दादा


लातूर, जि. लातूर
१९ ऑगस्ट १९८२

तीर्थरूप दादास शरणार्थ.

वरचा पत्ता बघितलास? जिल्हा झालो बरं का आम्ही. आता हे पत्र बसून वाच.

पंधरा तारखेला सकाळी पुरुषमाणसं नव्या जिल्ह्याचा सोहळा बघायला गेली. बँड वाजत होता, तो घरापर्यंत ऐकू येत होता. ती परत आल्यावर अव्वांनी सगळ्यांना मागं नेलं. आडाला भिंत नव्हती. आड होता तसाच मोकळा होता. मिस्त्रीनं जळणाची खोली साफ करून दिली होती, तिला चुना लावला होता, आणि कोपऱ्यात एक चूल बांधली होती. एवढीशी, एका भांड्याची. देवळीत अव्वांच्या पूजेचं साहित्य, खाली एक तवा, एक पातेलं, एक ताट.

मला वाटलं, ही माझी. एवढ्याशा चुलीवर आमचं कसं व्हायचं, या विचारात मी होते, तोवर अव्वांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

"आजपासनं मी वेगळी निघाले," त्या म्हणाल्या. "घर तुमचं, कोठी तुमची. आड सगळ्यांचा."

यांच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाले, "अव्वा, लोक काय म्हनतील? पोरांनी आईला वेगळं टाकलं म्हनतील!"

"मग सांगा, आईनं पोरांना वेगळं टाकलं."

"पन झालं काय?"

"साकु आता," अव्वा म्हणाल्या. त्या उदगीरच्या, पुरे म्हणायचं असलं की कानडीतच म्हणतात. "अकरा वर्साची हुते मी, या घरात आले तवा. सासू सांगंल ते रांधलं. ती गेली, तवापासनं या दोघी रोज सकाळी हुब्या राहत्यात. आज काय करू, आज काय करू. दुष्काळ असो, सुकाळ असो, कोठीत काई असो नसो, मी सांगायचं. परवा कुनी इचारलं न्हाई, तवा शिळी भाकर किती गोड लागली म्हनून सांगू! इतक्या वर्सांत, अव्वा, तुमाला काय खावं वाटतंय, असं इचारलं का कुनी?"

दादा, आम्ही सगळे जण त्या एवढ्याशा चुलीकडं बघत उभे राहिलो.

म्हणजे बघ माझं स्वातंत्र्य. मला पाहिजे होत्या दोन खोल्या आणि एक चूल. पदरात पडलं अख्खं राज्य. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोळे चोळत उठते, तो सिंधु समोर उभी. "ताई, आज काय करू?" मला काही सुचेना. म्हटलं, डाळ कर. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी. म्हटलं, डाळच कर. भावजींनी ताटाकडं बघून सुस्कारा सोडला.

पहिल्या दिवशी कोठी उघडून चारचा चहा केला, भरपूर साखर घालून, सगळ्यांना. मग डब्यात डोकावले. मग ज्वारीच्या कणगीत, मग डाळीच्या मडक्यात. सगळं तळाला गेलेलं. दादा, अव्वांनी हा उन्हाळा कसा काढला ते मला त्या कोठीत कळलं. पाऊस पडू दे असं त्या का म्हणत होत्या, तेही कळलं. तिसऱ्या दिवशी चारचा चहा मीच बंद केला. हस, पोटभर हस. डबा कोठीत ठेवून कुलूप लावलं आणि दोनदा ओढून बघितलं.

त्याच दिवशी दुपारी मागून हाक आली, "महानंदा, ये हिकडं." अव्वांनी आपल्या चुलीवर चहा ठेवला होता, त्यांच्या वाट्याच्या साखरेतला. मला पाटावर बसवलं आणि विचारलं, "तुला गोड लागतो का फिका?"

अकरा वर्षं त्यांनी दिला तसा प्यायले होते. तिथंच बसून रडले. अव्वा कपात साखर घालून ढवळत राहिल्या. मग मीच डोळे पुसले आणि विचारलं, "अव्वा, तुम्हाला काय खायला आवडतं?"

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "म्हाईत न्हाई गं. बगते आता."

तुझी,
महानंदा


कंधार
२६ ऑगस्ट १९८२

चि. महानंदास आणि लातूर जिल्ह्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. इतक्या देशांची स्वातंत्र्यं पोरांकडून पाठ करून घेतली, पण राणीच राज्य टाकून पळून गेली, अशी गोष्ट माझ्या पुस्तकात नाही. अव्वांना माझा खरा साष्टांग कळव. या वेळी पत्र वाचून दाखवलंस तरी चालेल.

आमचा कार्यक्रम झकास झाला. मी सोनेरी पट्टीचा कोट घालून मधोमध खुर्चीवर बसलो होतो. एकेक देश, फ्रेंचांकडून सुटलेलेसुद्धा, येऊन माझ्यापुढं छाती काढून बोलत होता, आणि मी खुर्चीसकट एकेक पाऊल मागं सरकत होतो. शेवटी मंचावरून उतरलो, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या रत्नम्मा वाजवत होती. मला त्याचा अभिमान वाटला होता.

काल तुझं पत्र संपवलं आणि सहज म्हणून स्वयंपाकघरात गेलो. तिला विचारलं, "तुला काय खायला आवडतं?" पुढचं मी लिहीत नाही. ती पेन मागून राहिली आहे.

वन्संना रत्नम्माचे शरणार्थ. यांनी असं विचारलं, तेव्हा मी आधी यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. म्हणून खरं ते सांगितलं. मला वांगं आवडत नाही. खाल्लं की जिभेला खाज सुटते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, आमच्या मन्मथला वांगं लई आवडतं. तेव्हापासून करून राहिले. मी आपली चटणीशी भाकर खाते, आणि हे समोर बसून घानाच्या स्वातंत्र्याची गोष्ट सांगतात.

मला शेपू आवडतो. परवा इकडं थोडा पाऊस झाला. आज बाजारात कोवळा शेपू आला होता, दोन जुड्या आणल्या. आता चुलीवर शिजत आलाय. हे मघापासून दारात उभे आहेत आणि विचारून राहिलेत, त्यात एखादं वांगं टाकता येईल का.